घरच्या डब्यातील नाणी आणि घरची मुले

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्या जुन्या घरांतून एक डबा बाहेर निघतो. कोठे तो पितळी असतो, कोठे नुसती खारव्याची थैली. त्यातले राणीछाप रुपये, चार-दोन होळकरशाही रुपये आणि काळवंडलेले तांब्याचे पैसे तबकात मांडले जातात, त्यांवर हळदकुंकू वाहिले जाते आणि दुसऱ्या दिवशी डबा पुन्हा कपाटात जातो. नाण्यांची पूजा वर्षातून एकदा का होईना, होते. त्यांचे वाचन मात्र होत नाही. ते काम घरातील दहा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींकडे सोपवावे, एवढेच ह्या लेखात सांगावयाचे आहे.

हल्लीच्या मुलांच्या हाती नाणे येते तरी किती? सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस खाल्ला, तरी पैसे फोनवरून चुकते होतात. नाणे वाजवून पाहणे हा प्रकार मुलांनी बहुधा फक्त म्हणींतूनच ऐकलेला. म्हणूनच जुने नाणे तळहातावर ठेवले की त्यांना त्याचे नवल वाटते. ह्या नवलाचा उपयोग करून घ्यावा. सुरुवात नाणी विकत आणून करण्याचे कारण नाही; ती घरच्या डब्यापासून करावी.

पहिला धडा हिशेबाचा. एका रुपयाचे सोळा आणे, एका आण्याचे चार पैसे आणि एका पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे व एकशे ब्याण्णव पै. चवली दोन आण्यांची, पावली चारांची, अधेली आठांची. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली आणि रुपयाचे शंभर ‘नवे पैसे’ झाले. १ जून १९६४ पासून त्यातला ‘नवा’ हा शब्द गळाला. पुढे ३० जून २०११ नंतर पंचवीस पैसे व त्याखालची सर्व नाणी चलनातून गेली. आणा गेला, पै गेली. परंतु ‘सोळा आणे खरे’ आणि ‘पैपैचा हिशेब’ हे आपण अजून म्हणतोच. ह्या बोलण्याचा मूळ अर्थ मुलाला शब्दकोशापेक्षा डब्यातील नाण्यांवरून लवकर कळेल.

दुसरा धडा राणीछाप रुपयाचा. तो वजनाने एक तोळ्याचा. १८७६ पर्यंतच्या रुपयांवर व्हिक्टोरियाच्या नावापुढे ‘क्वीन’ आहे, १८७७ पासून तेथे ‘एम्प्रेस’ येते. राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली, ही इतिहासाच्या पुस्तकातली ओळ येथे एका शब्दात हाताला लागते. दुसरे महायुद्धही डब्यात सापडते. १९४० पासून रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा निघाला. १९४३ ते १९४७ पर्यंतचा भोकाचा पैसा आजोबांना चांगला आठवत असेल. मधला धातू वाचावा म्हणून त्याला भोक पाडलेले; मुलांना मात्र ते दोऱ्यात ओवण्यासाठीच केले असावे, असे वाटते.

पण आपल्या इंदूरकरांच्या डब्यातील खरा ठेवा होळकरशाही नाण्यांचा. मल्हारनगर, म्हणजे आपले इंदूर, येथील टांकसाळीच्या रुपयावर सूर्याचे मुख दिसते. अहिल्याबाईंच्या काळातील महेश्वरच्या रुपयावर शिवलिंग आणि बेलाचे पान आहे. मुलगा विचारील, ‘मग बाकीची अक्षरे फारसी का?’ प्रश्न रास्त आहे. राज्य होळकरांचे, पण रुपयावर नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचे. दिल्लीच्या नावाचा मान मराठी सरदारांनी राखला होता आणि बाजारातही ओळखीच्या शिक्क्यावर विश्वास होता. शाह आलम १८०६ मध्ये वारला, तरी त्याच्या नावाचे रुपये इंदुरात पुढे कित्येक वर्षे पडत राहिले!

त्याच सुमाराचा, शके १७२८ चा, यशवंतराव होळकरांचा एक रुपया प्रसिद्ध आहे. त्यावरील मजकूर फारसीत नसून चक्क संस्कृतात, तोही श्लोकबद्ध आहे. इंद्रप्रस्थाच्या राजाच्या कृपेने ही मुद्रा पाडली, अशा आशयाचे शब्द एका बाजूस आहेत आणि दुसऱ्या बाजूस यशवंतरावांचे नाव. दिल्ली १८०३ मध्येच इंग्रजांच्या हाती गेलेली होती आणि १८०४ मध्ये यशवंतरावांनी तिला वेढा घालून पाहिला होता. हे ध्यानी घेतले म्हणजे त्या श्लोकातील ‘इंद्रप्रस्थ’ ह्या शब्दाचे वजन कळते.

असा रुपया घराघरांत सापडणार नाही. परंतु शिवाजीराव होळकरांच्या कारकीर्दीतील, बसलेल्या नंदीचे तांब्याचे नाणे किंवा दुसऱ्या यशवंतरावांच्या मुद्रेचे १९३५ चे तांब्याचे नाणे अनेक डब्यांत निघू शकेल. येथे सालांची गंमत आहे. नंदीच्या नाण्यावर समजा १९४५ असेल, तर मुलगा ते महायुद्धाच्या अखेरीचे ठरवून मोकळा होईल. तो विक्रम संवत होय. त्यातून सत्तावन्न वजा केले की १८८८ मिळते. शकात मात्र अठ्ठ्याहत्तर मिळवावे लागतात. घरच्या पंचांगाचा असाही एक उपयोग!

हाताने पाडलेल्या जुन्या रुपयांचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, ठसा मोठा आणि चकती लहान. त्यामुळे एका नाण्यावर मजकुराचा एक तुकडा उमटतो, दुसऱ्यावर दुसरा. चार-पाच रुपये शेजारी मांडून, कागदावर एकेक तुकडा उतरवून घेत सगळा ठसा जुळवावा लागतो. सुटीतल्या दुपारी मुलांना ह्याहून चांगला खेळ कोणता द्यावा? आणि खेळ संग्रहालयात नेता येतो. इंदूरच्या केंद्रीय संग्रहालयात नाण्यांचा संग्रह आहे. घरचे नाणे आणि तेथले नाणे ताडून पाहता येते.

आजीच्या गळ्यातील पुतळ्यांची माळही मुलींनी ह्या निमित्ताने नीट पाहावी. पुतळी हे मुळात व्हेनिस नगरीचे सोन्याचे नाणे. त्यावर माणसांच्या आकृती, म्हणून आपल्याकडे ती पुतळी झाली आणि पुढे सोनारांनी त्याच घाटाच्या पुतळ्या घडविल्या.

आता काळजीची गोष्ट. वाडे पाडून त्या जागी फ्लॅट होत आहेत, भावाभावांत वाटण्या होत आहेत, पुढची पिढी पुण्या-बंगळुरास जात आहे. अशा वेळी डबा तराजूत जातो आणि सूर्यछाप रुपयाची किंमत चांदीच्या भावाने होते. एकदा मुशीत गेलेला रुपया परत येत नाही. दुसरीकडे, एका नाण्याचे लाखो रुपये मिळतील अशा जाहिराती मुलांच्या फोनवर येतात. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी आपले नाव वापरून फसवणूक चालली आहे, असा इशारा रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. राम-सीतेचे चित्र आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नाव असलेले, १८१८ सालचे म्हणून खपविले जाणारे तांब्याचे नाणे कंपनीने कधी पाडलेच नाही. हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

छंदाचे नियम थोडे आहेत. नाणे कडेने धरावे. चिंच, राख, रांगोळी ह्यांनी घासू नये. घासण्याने अक्षरे झिजतात आणि काळाने चढविलेला थर गेला की नाण्याचे मोलही उतरते. प्रत्येक नाणे कागदाच्या स्वतंत्र पाकिटात ठेवावे. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे तो जिल्हाधिकाऱ्यांस कळवावा लागतो. आणि शंभर वर्षांपूर्वीची नाणी १९७२ च्या कायद्यामुळे परवानगीवाचून परदेशी नेता येत नाहीत.

सर्वांत मोठा नियम चिठ्ठीचा. पाकिटावर नाण्याचे वजन, धातू आणि साल तर लिहावेच; पण ते कोणाकडून आले, कोणत्या गावाहून आले, पणजोबांना पगारात मिळाले की पणजीला ओटीत, हेही लिहावे. राजाचे नाव नाण्यावर कोरलेले आहे. ते शंभर वर्षांनीही वाचता येईल. पणजीचे नाव कोठेच कोरलेले नाही. ते आज आजीला ठाऊक आहे, आणि तिला विचारून लिहून घेण्याचे काम आजच्याच मुलाचे आहे.