पडण्याआधीचा अर्धा सेकंद

सायकलवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असतं. तोल गेला, तर साध्या गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबाने ते रस्त्यावर आपटायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. आपटताना त्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या घरात असतो आणि यात सायकलचा स्वतःचा वेग धरलेलाच नाही. सिग्नलला उभा असलेला सायकलस्वार नुसता आडवा झाला, तरी डोक्याला एवढा मार बसू शकतो. युरोपात सायकलच्या हेल्मेटची चाचणी जवळपास याच वेगाने घेतात. हेल्मेटमध्ये नकली डोकं बसवून ते सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने पोलादी ऐरणीवर आदळवतात. तेव्हा डोक्याला बसणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या २५० पटींपुढे गेला, तर ते हेल्मेट नापास.

१ जानेवारी २००५ पासून स्वीडनमध्ये पंधरा वर्षांखालच्या मुलांना सायकलवर हेल्मेट सक्तीचं झालं. मोठ्यांनाही सक्ती करावी का, यावर मग वाद सुरू झाला. त्याच वर्षी लुंड विद्यापीठात औद्योगिक डिझाइन शिकणाऱ्या आन्ना हाउप्ट आणि तेरेसे अलस्टिन या दोघींनी पदव्युत्तर प्रबंधासाठी हाच विषय घेतला. लोक हेल्मेट का घालत नाहीत, हे त्यांनी लोकांनाच विचारलं. केस विस्कटतात, दिसायला बरं नाही, बरोबर वागवायला अडचण होते, अशी उत्तरं मिळाली. अशा उत्तरांवर रस्ता सुरक्षेची माणसं सहसा चिडतात. या दोघींनी ती कारणं खरी मानली आणि डोक्यावर काहीच नसलेलं हेल्मेट बनवायला घेतलं. मला त्यांच्या कामातली ही पहिली पायरीच सगळ्यात मोलाची वाटते.

त्यातून ‘होव्दिंग’ तयार झालं. गळ्याभोवती मफलरसारखी बसणारी जाड कॉलर, तिच्यात घडी घातलेली नायलॉनची पिशवी, हेलियमची छोटी नळी, बॅटरी आणि संवेदक. पडण्याची चाहूल लागली की सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात पिशवी फुगते आणि डोकं, मान झाकते. २०११ मध्ये ही कॉलर बाजारात आली.

पिशवी फुगवण्याचं तंत्र मोटारींमुळे आधीच ठाऊक होतं. खरी कसोटी होती ती कधी फुगवायची याची. मोटारीत बरं असतं: मोटार कशावर तरी आदळते, धातू चेपतो, वेग एकदम तुटतो. सायकलस्वार मात्र कशावर न आदळताही पडतो. ओल्या रस्त्यावर चाक घसरतं, पुढचा ब्रेक जास्त दाबला जातो आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. शिवाय सायकलवर अंग सतत हलत असतं. मागे वळून पाहणं, खाली पडलेली किल्ली वाकून उचलणं, फुटपाथवरून उडी मारून उतरणं, चढावर उभं राहून पेडल मारणं. यातल्या कुठल्याही हालचालीला यंत्र फसलं, तर भर रस्त्यात पिशवी फुगायची. ती एकदाच वापरता येते, त्यामुळे अशी चूक महागातही पडते.

वेळेचा हिशेब मांडून पाहा. पडायला अर्धा सेकंद लागतो, त्यातला सेकंदाचा दहावा हिस्सा फुगण्यात जातो. निर्णयाला उरले ०.४ सेकंद. कॉलरमधले संवेदक मानेचं त्वरण आणि वळण सेकंदाला २०० वेळा मोजतात, म्हणजे निर्णयासाठी फार तर ऐंशी वाचनं हाती येतात. मोटार जोराने आदळली तर त्याहूनही कमी. एवढ्यावरून ‘हा पडतोय’ किंवा ‘हा नुसता वाकलाय’ हे ठरवायचं! ते यंत्राला शिकवायला या मंडळींनी स्टंट करणारी माणसं आणि चाचणीचे पुतळे सायकलवरून पुन्हा पुन्हा पाडले. दुसरीकडे साध्या लोकांना कॉलर घालून रोजच्यासारखी सायकल चालवायला लावली आणि त्यांच्याही हालचाली नोंदवल्या. ही दुसरी नोंद पहिल्याइतकीच महत्त्वाची. अपघात कसा दिसतो हे कळायला आधी रोजचं सायकल चालवणं कसं दिसतं ते कळावं लागतं. विकलेल्या प्रत्येक कॉलरमध्ये अपघाताच्या वेळचे दहा सेकंद साठवणारा ‘ब्लॅक बॉक्स’ही होता.

पिशवी फुगल्यावर फायदा होतो तो अंतराचा. साध्या हेल्मेटच्या आत थर्माकोलच्या जातीचा दोन-अडीच सेंटिमीटरचा थर असतो आणि तेवढ्यातच डोक्याला थांबावं लागतं. थांबायला पाचपट अंतर मिळालं, तर आदर्श स्थितीत झटका पाचपट कमी होतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत हवेच्या पिशवीत डोक्याचं त्वरण साध्या हेल्मेटपेक्षा पाच-सहा पटींनी कमी भरलं. मात्र त्यांनी पिशवी आधीच पूर्ण दाबाने फुगवून ठेवली होती आणि तेही स्पष्ट बजावलं होतं: हवा कमी भरली तर डोकं पिशवीच्या तळाला टेकेल आणि सगळा मार थेट बसेल.

प्रत्यक्षात किती संरक्षण मिळतं, हाच प्रश्न शेवटी कळीचा ठरला. डिसेंबर २०२३ मध्ये स्वीडनच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने होव्दिंगच्या तिसऱ्या पिढीच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. ही कॉलर पुरेसं संरक्षण देत नाही, असं तिचं म्हणणं होतं. होव्दिंग बनवणाऱ्या कंपनीला ते मान्य नव्हतं, पण काही दिवसांतच तिने दिवाळखोरी जाहीर केली. मला वाईट वाटलं. तरी अशा वस्तूला याहून सौम्य माप लावता येणार नाही. थर्माकोलचं हेल्मेट निर्णय घेत नाही, ते डोक्यावर असतंच. जी वस्तू आधी ओळखते आणि मग वाचवते, तिला ओळखण्याचीही परीक्षा द्यावी लागते.

पडल्यानंतरच्या बचावाऐवजी धडकच टाळायच्या वाटेनेही विद्यार्थी गेले आहेत. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात पीएचडी करताना लीआ ब्यूकली यांनी कापडावर शिवता येणारा ‘लिलीपॅड’ हा इलेक्ट्रॉनिक्सचा संच बनवला. त्यावर बेतलेलं त्यांचं सायकलस्वाराचं जॅकेट प्रसिद्ध आहे. त्याच्या पाठीवर एलईडीचे डावे-उजवे बाण आहेत, बाहीत बटणं आहेत आणि तारांच्या जागी वीज वाहणारा दोरा टाक्यांनी शिवलेला आहे.

रात्री दिसण्याच्या बाबतीत मात्र मला सगळ्यात आवडलेली युक्ती बिनबॅटरीची आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी वाहतुकीला बंद असलेल्या रस्त्यावर रात्री चालकांना गाडी चालवायला दिली. काळ्या कपड्यांतले सायकलस्वार फक्त २ टक्के वेळा ओळखता आले, प्रकाश परतवणारं जाकीट घातलेले ५० टक्के. त्याच जाकिटाबरोबर घोट्यांना आणि गुडघ्यांना तशाच पट्ट्या बांधल्या, तर ९० टक्के. अंधारात वरखाली फिरणारे ठिपके दिसले की मेंदू क्षणात ताडतो, इथे माणूस पेडल मारतोय. लुंडच्या यंत्राला जी हालचाल मेहनतीने शिकवावी लागली, ती आपल्या डोळ्यांना उपजत येते. पहाटे पेपर टाकणाऱ्या मुलाला किंवा रात्रपाळीहून घरी निघालेल्या वॉचमनला अशा पट्ट्या आजही सहज परवडतील.

आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी सायकलस्वाराचं काही करायचं असेल, तर दिवे आणि पिशव्या थोड्या बाजूला ठेवून त्यांनी आधी नोंद करावी. त्वरण आणि वळण दोन्ही मोजणारा एमपीयू-६०५० हा संवेदक स्वस्तात मिळतो. तो सायकलस्वाराच्या मानेशी बांधायचा आणि पुण्याच्या किंवा इचलकरंजीच्या रस्त्यांवर त्याला सायकल चालवू द्यायची. खड्डा चुकवताना दिलेला हिसका, रंग न मारलेला गतिरोधक, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेली सायकल, कॅरिअरवरचा गॅस सिलिंडर, डबलसीट बसलेली बहीण, पावसात एका हाताने धरलेली छत्री. स्वीडनच्या गुळगुळीत मार्गांवर शिकलेल्या यंत्राला यातलं बरंच काही अपघातच वाटेल. पडण्याच्या नोंदी मात्र पुतळ्यावरच घ्याव्यात, मैदानात आणि शिक्षकांच्या देखत. आणि जमवलेलं सगळं खुलं ठेवावं, म्हणजे पुढच्या वर्षी सांगलीच्या किंवा नाशिकच्या पोरांना पुन्हा पहिल्या खड्ड्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.