बेलवलीहून द्वारकेपर्यंत

बदलापूरच्या बेलवलीतल्या एखाद्या मुलीला जिल्ह्याकडून फुटबॉल खेळायचं असेल, तर नुसते बूट असून भागत नाही, नोंदणी लागते. जिल्हा संघटनेच्या वर मुंबईची वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे ‘विफा’, आणि तिच्या वर दिल्लीत द्वारकेला बसणारा अखिल भारतीय फुटबॉल महासंघ.

यात विफा वयाने थोरली. ती 1911ची. मुंबईचा रोव्हर्स कप तर 1891पासूनचा. तो वर्षानुवर्षं गोऱ्या पलटणीच नेत. 1937 साली बंगलोर मुस्लिम्सने तो जिंकला आणि त्याच वर्षी, 23 जूनला, सिमल्यात महासंघ स्थापन झाला.

1948मध्ये महासंघाला जागतिक संघटनेचं, फिफाचं, सदस्यत्व मिळालं. मग 1951 आणि 1962ला आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक. 1956च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईत टाटांकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढवले आणि भारत चौथा आला. 1950च्या विश्वचषकाला मात्र आपला संघ गेलाच नाही. अनवाणी खेळू देणार नव्हते म्हणून, असं आजही सांगितलं जातं. मला ते पटत नाही. महासंघाला तेव्हा ऑलिंपिकपुढे विश्वचषकाचं मोल वाटलं नाही, हेच खरं कारण दिसतं.

कार्यालयातल्या चुकीची झळ मैदानाला कशी लागते, ते 2022मध्ये दिसलं. तेव्हा महासंघाचे अध्यक्ष होते गोंदियाचे प्रफुल्ल पटेल. त्यांची मुदत डिसेंबर 2020मध्ये संपली होती, निवडणूक झाली नव्हती. मे 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारभार प्रशासक समितीकडे दिला. बाहेरचा हस्तक्षेप म्हणत फिफाने ऑगस्टच्या मध्यावर महासंघाला निलंबित केलं. तेव्हा गोकुलम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या होत्या. 26 ऑगस्टला निलंबन उठलं, पण तोवर त्यांची स्पर्धा हुकली होती. एकही सामना न खेळता त्या परतल्या. त्यांचा यात काय दोष होता? या गोष्टीचा मला अजून राग येतो.

याच निलंबनात मुलींचा सतरा वर्षांखालील विश्वचषकही भारताच्या हातून जाणार होता. तो वाचला. 30 ऑक्टोबरला त्याच्या अंतिम सामन्यात नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर स्पेनने कोलंबियाला 1-0 असं हरवलं. बदलापूरची लोकल धरून ठाण्याला गाडी बदलली, की नेरूळ.