टेलिव्हिजनवर घोडे कोठे पेंड खाते?

२६ सप्टेंबर २०२३ रोजी चीनमधील हांगचौच्या आशियाई क्रीडास्पर्धांत भारताच्या चार स्वारांनी ड्रेसाज या प्रकारात सांघिक सुवर्णपदक मिळविले. कोलकात्याचा अनुष अगरवाला, मुंबईचा हृदय छेडा, जयपूरची दिव्यकृती सिंह आणि इंदूरची सुदीप्ती हजेला हे ते चौघे. घोड्यावरच्या खेळात आशियाई सुवर्ण आपल्या हाती आले ते ४१ वर्षांनी. वर्तमानपत्रांनी बातमी छापली, अभिनंदनाचे संदेशही झाले. पण वाचकहो, जरा आठवून पाहा, त्या दिवशी पडद्यावर तुम्ही नेमके काय पाहिले? गळ्यात पदके घातलेले चार तरुण चेहरे, वर चढणारा तिरंगा, आणि फार तर पाचदहा सेकंद डौलात चाललेला एक घोडा. त्या घोड्याने केले काय, गुण मिळाले ते कशाचे, चीनचा संघ घरच्या मैदानावर मागे पडला तो का, हे कळले का? बहुतेकांचे उत्तर ‘नाही बुवा’ असेच येईल.

या खेळाचे जे मोजके शौकीन आहेत त्यांची तक्रार हीच आहे. टेलिव्हिजनवर घोडा दिसतच नाही. दिसला तर अपुरा दिसतो, अवेळी दिसतो, आणि निम्म्यावर आला की जाहिरात लागते. ही रड केवळ आपल्याकडची आहे असेही नाही. ज्या देशांत दर गावाला तबेला आहे तेथले लोकही हेच म्हणतात. तेव्हा घोडे नेमके कोठे पेंड खाते, हे शांतपणे पाहिले पाहिजे.

आधी एक गैरसमज दूर करू. घोड्याचा खेळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे येते ती रेस. महालक्ष्मी, पुण्याचा रेसकोर्स, डर्बीचा दिवस. पण रेसला कधी प्रेक्षकांची वाण पडली नाही, कारण तिथे पैसा लागलेला असतो. ज्याचे शंभर रुपये सात नंबरच्या घोड्यावर लागले आहेत त्याला समालोचनाची गरज नसते. घोडे धावले, कोण पहिला आला, संपले. मी म्हणतो ती अश्वक्रीडा निराळी. ऑलिंपिकमध्ये तिचे तीन प्रकार आहेत. ड्रेसाज म्हणजे घोड्याच्या चालींची परीक्षा. शो जंपिंग म्हणजे आखलेल्या मैदानातील अडथळ्यांवरून उड्या. तिसरा इव्हेंटिंग, त्यात हे दोन्ही असून शिवाय मध्ये क्रॉस कंट्री, म्हणजे रानमाळावरची दौड असते. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकपासून हे तिन्ही प्रकार चालत आले आहेत. आणखी एक विशेष सांगतो. या खेळात स्त्रिया आणि पुरुष एकाच स्पर्धेत, एकाच नियमांनी, एकमेकांविरुद्ध उतरतात.

आता कॅमेऱ्याच्या दृष्टीने एकेक घ्या.

शो जंपिंगचे कॅमेऱ्याशी चांगले जमते. मैदान लहान, अडथळे डझनभर, एकेकाची फेरी दीडेक मिनिटात आटोपते. बांबू पडला की चार दंडगुण, हे शेंबड्या पोरालाही कळते. १.६० मीटरच्या अडथळ्यावर, म्हणजे साधारण माणसाच्या नाकाच्या उंचीवर, पाचसहाशे किलोचे जनावर उचलले जाते, मागचा खूर बांबूला निसटता लागतो, बांबू हलतो, आणि तो पडणार की राहणार या क्षणभरात पाहणाऱ्याचा श्वास अडकतो. याला भाष्य कशाला हवे?

इंग्लंडने याचा पुरेपूर अनुभव घेतला आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला सुवर्णपदक मिळाले ते एकच, आणि ते शो जंपिंगच्या संघाने मिळवले. त्या संघातला फॉक्सहंटर हा घोडा पुढे घराघरांत माहीत झाला. नंतरच्या वीसपंचवीस वर्षांत बी.बी.सी. रात्रीच्या ऐन गर्दीच्या वेळी या स्पर्धा दाखवीत असे. १९६० साली तेथल्या प्रेक्षकांनी वर्षातील सर्वोत्तम क्रीडापटू म्हणून डेव्हिड ब्रूम या स्वाराची निवड केली आणि १९७१ साली राजकन्या ॲनची. तिने त्या वर्षी इव्हेंटिंगचे युरोपीय विजेतेपद मिळविले होते. राजकन्या म्हणून काही मते जास्त पडली असतील, ते सोडून द्या. पण फुटबॉलवेड्या देशात हा बहुमान घोडेस्वाराकडे जातो, तो लोकांनी घोडे पाहिले होते म्हणूनच. तेव्हा ‘लोकांना आवडत नाही म्हणून आम्ही दाखवत नाही’ हे टेलिव्हिजनवाल्यांचे म्हणणे मला अर्धेच खरे वाटते. दाखवले तेव्हा आवडले होते, ही उरलेली अर्धी गोष्ट ते सांगत नाहीत.

क्रॉस कंट्रीचे मात्र अवघड आहे, हे कबूल केले पाहिजे. इंग्लंडातील बॅडमिंटन येथे १९४९ पासून मोठी इव्हेंटिंग स्पर्धा भरते. (होय, आपल्या ओळखीचे बॅडमिंटन तेच. त्या खेळाला नाव मिळाले ते याच गावातील सरदारी वाड्यावरून; आणि त्याआधी इंग्रज अधिकारी तो पुण्यात खेळत तेव्हा त्याला ‘पूना’ म्हणत. पाहा, धागा कुठून कुठे जातो.) तेथली दौड सहा किलोमीटरांहून अधिक. वाटेत ओंडके, खंदक, पाणी, उतार. स्वार काहीकाही मिनिटांच्या अंतराने सोडतात, म्हणजे एकाच वेळी तीनचार घोडे निरनिराळ्या ठिकाणी पळत असतात. एवढ्या रानात कॅमेरे तरी किती लावायचे? आणि लावले तरी निर्मात्यापुढे पेच राहतोच. एक घोडा पाण्यात उतरतोय, दुसरा खंदकाशी आलाय, तिसरा अडून उभा राहिलाय; दाखवू कोणाला? मग तो ठिगळे जोडतो, आणि प्रेक्षकाच्या हाती लागतात ती उड्यांची चित्रे. घोडा थकत चाललाय, स्वार घड्याळ पाहून त्याचा दम राखतोय, ही जी खरी लढाई, ती दोन चित्रांच्या मधल्या फटीत निसटते.

टोकिओचे उदाहरण घ्या. १ ऑगस्ट २०२१ रोजी आपला फुआद मिर्झा ‘सेन्योर मेडिकॉट’ या घोड्यावर क्रॉस कंट्रीला उतरला. त्याच्या आधी वीस वर्षांत ऑलिंपिकच्या अश्वक्रीडेत भारताचा स्वारच नव्हता. ड्रेसाजमध्ये तो पहिल्या दहांत होता. क्रॉस कंट्रीत त्याने एकही अडथळा चुकवला नाही. मात्र नेमलेल्या वेळेहून २८ सेकंद जास्त लागले, आणि सेकंदाला ०.४ या हिशेबाने ११.२० दंडगुण पडले. तेवढ्यानेच तो बाविसाव्या जागी गेला. दुसऱ्या दिवशी उड्यांची अंतिम फेरी गाठून तो तेविसावा आला. आता त्याच दोन दिवसांत आणखी काय चालले होते ते आठवा. १ तारखेला सिंधूचे कांस्यपदक आणि पुरुष हॉकीचा ब्रिटनवर विजय. २ तारखेला सकाळी मुलींनी हॉकीत ऑस्ट्रेलियाला हरवले आणि संध्याकाळी थाळीफेकीच्या अंतिम फेरीत आपली मुलगी होती. अशा दिवशी निर्माता घोड्याला किती जागा देईल, हे सांगायला ज्योतिषी नको. मी त्याला दोषही देत नाही. त्याच्या जागी मीसुद्धा हॉकीच दाखवली असती. पण ते २८ सेकंद कोठे गेले, पाण्यापाशी की वळणांवर, हे ज्याला जाणून घ्यायचे होते त्याने कोठे जावे?

राहिला ड्रेसाज. साठ मीटर लांब, वीस मीटर रुंद असे वाळूचे चौकटीतले मैदान. कडेला अक्षरे लावलेली. घोडा येतो, थांबतो, सलाम होतो, आणि सहासात मिनिटे ठरलेल्या चाली करून जातो. जागच्या जागी दुडकी धरतो, तोल राखून तिरका जातो, पळता पळता पाऊल बदलतो. ऑलिंपिकमध्ये सात पंच प्रत्येक चालीला शून्य ते दहा गुण देतात. असे साठ स्वार ओळीने. अजाण माणूस म्हणतो, हे काय, घोडा नाचतोय आणि वर माणूस नुसता बसलाय! त्याचे चुकत नाही. वर बसलेला माणूस काही करीत नाही असे दिसणे, हीच त्या विद्येची परिसीमा आहे. १९५२ साली या प्रकारात स्त्रियांना ऑलिंपिकची दारे प्रथमच उघडली, आणि डेन्मार्कच्या लिस हार्टेलने रौप्यपदक घेतले. पोलिओने तिचे गुडघ्यांखालचे पाय लुळे पडले होते. घोड्यावर चढायला आणि उतरायला तिला दुसऱ्याचा हात लागे. एकदा खोगिरात बसली की मात्र पंचांनाही तिच्यात उणे दिसले नाही. इशारा जातो तो कमरेतून, पाठीच्या कण्यातून, बोटांच्या दाबातून. तो कॅमेऱ्याला कसा दिसावा?

येथे सांगणारा हवा, आणि तो जाणता हवा. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाऊन पाहा. जाणता गिऱ्हाईक घोड्याच्या रंगावर, झुलीवर भाळत नाही. तो म्हणतो, चालवून दाखव. चार पावले चालवले की तो ओळखतो, मागचा पाय आखडतोय की नाही. असा माणूस तुमच्या शेजारी उभा असेल तर तासाभरात तुमचीही नजर तयार होईल. टेलिव्हिजनच्या समालोचकाने हेच करायचे असते. प्रत्यक्षात तो घोड्याचे नाव, स्वाराचे गाव आणि आधीचे गुण सांगून गप्प बसतो, नाहीतर ‘काय सुंदर घोडा’ म्हणतो. क्रिकेट न पाहता केवळ कानांनी समजून घेणारी एक पिढीच्या पिढी या देशात रेडिओने घडविली. मग चित्र समोर असताना शब्दांची एवढी कंजुषी का?

मधल्या काळात एक निराळीच व्यवस्था होऊन बसली आहे. मोठ्या स्पर्धा आता शुल्क भरून इंटरनेटवर पाहता येतात, त्याही पहिल्या घोड्यापासून शेवटच्या घोड्यापर्यंत. शौकिनांची सोय झाली, ही चांगलीच गोष्ट. परंतु जो आधीच भक्त आहे त्यालाच देवदर्शन, अशातली गत झाली. पैसे मोजून ड्रेसाज पाहील तो ज्याला ड्रेसाज ठाऊक आहे तोच. साताऱ्यातल्या किंवा जळगावातल्या एखाद्या मुलीने बटणे दाबता दाबता घोडा पाहिला आणि तिथेच थबकली, हा योग त्यात नाही.

आणि यातून एक नुकसान असे होते की जे घोड्यालाही भोवते. टोकिओतच, त्या ६ ऑगस्टला, आधुनिक पंचक्रीडेत एक जर्मन स्पर्धक आघाडीवर होती. त्या खेळात घोडा चिठ्ठी टाकून मिळतो आणि ओळख करून घ्यायला मिळतात वीस मिनिटे. घोडा बिथरला, उडी घेईना, स्वार रडू लागली, प्रशिक्षिकेने घोड्याला ठोसा मारला. आठवडाभर ज्यांनी एकही घोडा पाहिला नव्हता त्यांनी हा पाहिला, साऱ्या जगाने पाहिला. परिणाम असा की पॅरिसनंतर त्या खेळातून घोडेस्वारीच वगळण्यात आली. २०२४ साली पॅरिसच्या तोंडावर ब्रिटनची विख्यात ड्रेसाजपटू शार्लट दुजार्डिन हिची शिकवताना घोड्याच्या पायांवर चाबूक ओढल्याची जुनी चित्रफीत बाहेर आली. तिने माघार घेतली, वर्षाची बंदीही झाली. झाले ते योग्यच झाले. पण ज्याने चांगली स्वारी कधी पाहिलीच नाही, त्याला वाईट स्वारी ही वाईट आहे हे कशावरून कळावे? तो सगळ्यांनाच एका दावणीला बांधतो. उलट, हजारो घरांतून नियमाने पाहिला जाणारा खेळ असेल, तर घोड्याचे तोंड लगामाने ओढले जातेय हे ओळखणारे हजार डोळे तयार होतात, आणि पंचांनाही त्यांची भीड पडते.

आपल्यापुरती आणखी एक अडचण आहे. आपले आघाडीचे स्वार शिकतात युरोपात आणि त्यांचे घोडेही तिकडेच असतात, कारण जनावरांच्या रोगांच्या नियमांमुळे इथला घोडा स्पर्धेसाठी तिकडे नेणे फार कठीण. हे नियम किती कडक असतात पाहा: १९५६ चे ऑलिंपिक मेलबर्नला झाले, पण ऑस्ट्रेलिया परदेशी घोडे आत घेईना, म्हणून घोड्यांचे सामने काही महिने आधी स्टॉकहोमला उरकावे लागले! जुलै २०२५ मध्ये मेरठच्या लष्करी पशुवैद्यक केंद्राच्या आवाराला रोगमुक्त विभाग म्हणून जागतिक मान्यता मिळाली, तेव्हा वाट थोडी मोकळी होईल. आज मात्र क्रिकेट न दाखवले तर मैदानावर जाता येते. अनुष किंवा फुआदची स्वारी पाहायची तर पडद्यावाचून गत्यंतर नाही. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धांबरोबर आपल्याकडे रंगीत टेलिव्हिजन आला. आशियाई स्पर्धांत अश्वक्रीडाही त्याच वर्षी प्रथम आली, आणि रघुबीर सिंगांच्या वैयक्तिक पदकासह आपण तीन सुवर्णे जिंकली. घोडा आणि रंगीत पडदा आपल्या घरात जोडीनेच आले होते म्हणा ना!

तर पुढच्या वेळी रात्री-अपरात्री कोठे ड्रेसाज लागलेला सापडला, तर एवढे करा. आधी घोड्याचे कान पाहा. ते स्वाराकडे वळत असतील तर तो ऐकतो आहे. मग तोंड पाहा. ते फासलेले आहे की मिटलेले. आणि शेवटचा सलाम झाल्यावर उठू नका. स्वार लगाम लांब सोडतो आणि घोडा पावली चालीने बाहेर निघतो. त्या वेळी त्याने मान खाली, पुढे, ऐसपैस लांबवली तर समजावे की आतले सगळे त्याने आखडून नव्हे, खुशीने केले. हे अर्धे मिनिट फार बोलके असते. नेमकी तेवढ्यातच जाहिरात लावतात.