भयानक रसाचें संगीत

भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत जे आठ रस सांगितले, त्यांपैकीं भयानक रसाचा वर्ण काळा आणि देवता काळ अशी योजना केली आहे. शृंगार, वीर व करुण या रसांविषयीं जितकें बोललें आणि लिहिलें जातें, तितकें या काळ्या रसाविषयीं जात नाहीं. संगीताच्या चर्चेंत तर त्याला बहुधा जागाच नसते. गाणें मनाच्या विसाव्यासाठीं असतें. भिण्यासाठीं गाणें कोण ऐकेल, असा साधा प्रश्न त्यामागें असतो. तथापि भिण्यासाठीं मुद्दाम ऐकलें जाणारें संगीत आहे. युरोप-अमेरिकेंत त्याची मोठी परंपरा असून तिचा एक धागा कोंकणापर्यंत येऊन पोहोंचला आहे. हें संगीत भय कसें उत्पन्न करतें, आणि मालवणच्या किनाऱ्यावर रात्र जागविणाऱ्या दशावताराच्या शेजारीं तें ठेवून पाहिलें तर काय दिसतें, हा या भाषणाचा विषय आहे.

प्रथम भयाचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. भुताच्या नेहमींच्या गोष्टींत भुताला कांहीं कारण असतें: अपुरी राहिलेली इच्छा, झालेला अन्याय, फेडावयाचा राहिलेला नवस. मालवणी मुलुखांतल्या देवचाराला मान असतो आणि मर्यादाहि असते. त्याला नारळ ठेवला, गाऱ्हाणें घातलें, कीं तोच गांवाचा राखणदार होतो. वेंगुर्ले तालुक्यांतील आरवलीच्या वेतोबाला भाविक मोठ्या चामडी वहाणा अर्पण करतात, आणि रात्रीं गांवाची राखण करतांना त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. ज्याची भीति वाटते त्याच्याशीं बोलतां येतें, हें या भयाचें लक्षण होय.

दुसरा प्रकार अमेरिकन कथालेखक एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) यानें रूढ केला. त्याच्या कथांतील शक्ति माणसावर रागावलेल्या नसतात. माणूस आहे याची त्यांना दखलहि नसते. विश्व अफाट, प्राचीन आणि उदासीन आहे, आणि त्याचें खरें स्वरूप ज्याला कळलें त्याचें चित्त ठिकाणावर राहत नाहीं, हा त्याच्या लेखनाचा गाभा. १९२८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एका कथेंत क्थुल्हू नांवाचें एक अतिप्राचीन सत्त्व महासागराच्या तळाशीं बुडालेल्या नगरींत निद्रिस्त आहे. या कल्पनाविश्वांत संगीतालाहि स्थान आहे. त्यानें कल्पिलेल्या अंध, बुद्धिहीन अधिदेवतेभोंवतीं पांवे आणि ढोल अखंड वाजत असतात. १९२२ सालच्या दुसऱ्या एका कथेंत एक मुका, वृद्ध वादक उंच माडीवरच्या खोलींत रोज रात्रीं तंतुवाद्य वाजवीत बसतो. त्याच्या खिडकीबाहेर नगराचे दिवे दिसावयाचे, तेथें नुसता अथांग काळोख असतो. त्या काळोखांतलें कांहीं तरी आंत येऊं नये म्हणून त्याचें वादन चाललेलें असतें.

अशा कथांना साजेसें संगीत पुढें खरोखरच रचलें गेलें. अमेरिकेंतील नॉक्स आर्काना या वादकद्वयानें २००४ सालीं लव्हक्राफ्टच्या सृष्टीवर ‘नेक्रोनॉमिकॉन’ नांवाची संपूर्ण ध्वनिमुद्रिका काढली. पण तिचीं साधनें फार जुनीं आहेत. फ्रेंच रचनाकार बर्लियोझ यानें १८३० सालच्या आपल्या सिंफनींत चेटकिणींचा मेळावा रंगवितांना मृतांसाठीं म्हणावयाच्या ख्रिस्ती स्तोत्राची चाल आणि घंटानाद एकत्र आणले. त्याच देशाच्या सँ-साँस यानें १८७४ सालीं मृत्यूचें नृत्य वर्णितांना एकल व्हायोलिनची सर्वांत वरची तार अर्ध्या स्वरानें उतरविली, आणि तिच्याकडून शेजारच्या तारेसह एक अस्वस्थ करणारा स्वरसंवाद उमटविला. आपल्या परिभाषेंत तें षड्ज आणि तीव्र मध्यम यांचें अंतर होय.

येथें मराठी श्रोत्याला एक शंका येणें स्वाभाविक आहे. तीव्र मध्यम तर यमनांत रोज ऐकूं येतो, आणि यमन ऐकून कोणी भीत नाहीं. मग तोच स्वर तिकडे भयाचा कसा ठरला? याचें उत्तर असें कीं, भय एकट्या स्वरांत नसतें. यमनांत तंबोरा षड्ज अखंड सांगत असतो. तीव्र मध्यम पंचमाकडे झुकतो, आणि गाणारा कोठेंहि भटकला तरी घर दृष्टीआड होत नाहीं. याच्या उलट मारवा घ्यावा. त्यांत पंचम नाहीं, ऋषभ कोमल आहे, आणि गायक षड्जावर येण्याचें शक्य तितकें टाळतो. सूर्यास्ताच्या वेळच्या या रागांत जी हुरहूर वाटते, ती घर जवळ असून तेथें जातां येत नाहीं याची असते. ही हुरहूर म्हणजे भय नव्हे; पण भयाची पहिली पायरी हीच.

शेवटची पायरी हंगेरियन परंपरेंतील लिगेटी यानें १९६१ सालीं दाखविली. ‘अ‍ॅटमॉस्फिअर्स’ या त्याच्या रचनेच्या आरंभीं वाद्यवृंद पांच सप्तकांहून अधिक पसरलेले सारे अर्धस्वर एकदम आणि हळू आवाजांत धरून ठेवतो. सर्वच स्वर एकाच वेळीं वाजूं लागले म्हणजे त्यांतला कोणताहि एक षड्ज राहत नाहीं. चाल नाहीं, ताल नाहीं, परतावयाचें ठिकाण नाहीं. १९६८ सालच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटांत अंतराळाच्या दृश्यांसाठीं हीच रचना वापरली गेली, यांत नवल नाहीं. मोठा आवाज माणसाला दचकवितो, पण तें दचकणें क्षणाचें असतें. खोल भय घर नाहींसें झाल्यानें येतें.

हा धागा कोंकणांत आला तो ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटानें. राही अनिल बर्वे यांनीं दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजीं प्रदर्शित झाला. त्याचें नांव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून घेतलेलें असलें, तरी कथा निराळी आहे. तिचा एक भाग नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या ‘आजी’ या कथेवर आधारलेला, आणि धारपांची कथा स्टीफन किंग यांच्या तशाच एका कथेवर. किंगच्या त्या कथेंत हस्तुर या नांवाचा उल्लेख आहे. तें नांव अँब्रोझ बिअर्स या लेखकापासून चालत आलें आणि लव्हक्राफ्टनेंहि आपल्या लेखनांत घेतलें होतें. कोंकणच्या पावसांत भिजलेल्या वाड्यांतला ‘हस्तर’ या नामावळींत उभा केला, तर त्याचें गोत्र लक्षांत येतें. चित्रपटाचें शीर्षकगीत अजय-अतुल यांचें असून पार्श्वसंगीत येस्पर किड या डॅनिश रचनाकाराचें आहे. मराठी वाडा, परदेशीं फिरून आलेली कथा आणि पाश्चात्य घडणीचें पार्श्वसंगीत, असा हा त्रिवेणी संगम आहे.

आतां तुंबाडच्या दक्षिणेस, सिंधुदुर्गांत यावें. कार्तिकापासून गांवोगांवच्या जत्रा सुरू होतात आणि देवळासमोर रात्रभर दशावतार रंगतो. साथीला पायपेटी, पखवाज आणि झांज एवढींच वाद्यें. पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावली, कीं त्याचा गंभीर नाद अंधारांत दूरवर जातो. मुख्य आख्यानाआधीं जो पूर्वरंग होतो त्यांत काळ्या वेषाचा संकासुर येतो. भरतानें भयाला दिलेला वर्णच त्यानें जणू अंगावर घेतलेला असतो. त्यानें ब्रह्मदेवाचे वेद चोरलेले असतात. पुराणांतला हा शंखासुर सागरांत राहणारा. म्हणजे लव्हक्राफ्टचें सत्त्व आणि हा असुर दोघेहि समुद्राच्या तळचे. पण संकासुर मालवणी बोलतो, चेष्टा करतो, मुलें त्याला भितात आणि हंसतातहि. शेवटीं विष्णूकडून त्याचा वध होतो आणि वेद परत मिळतात.

दोन्ही कल्पनांमधला खरा भेद येथें आहे. लव्हक्राफ्टच्या सृष्टींत समुद्रांतून वर येणारें ज्ञान हेंच अरिष्ट. माणसानें तें न मिळवावें हें बरें. दशावतारांत ज्ञान समुद्रांत बुडणें हें अरिष्ट, आणि तें परत आणणें ही सुटका. दोन्हींकडचें संगीतहि त्याप्रमाणें वागतें. तिकडचा वाद्यवृंद षड्ज काढून घेतो. इकडे पखवाज कितीहि गर्जला, असुर कितीहि थयथयाट करीत आला, तरी पेटीवाला पट्टी सोडीत नाहीं. भयाच्या अत्युच्च क्षणींहि परतावयाचा सूर कानांवर असतो.

यावरून एक संगीत उच्च आणि दुसरें नीच असें ठरवूं नये. ज्यांना आकाशाच्या पोकळीची जाणीव झाली त्यांनीं ती स्वरांतून सांगितली, आणि तें सांगणें प्रामाणिक आहे. परंतु ज्या किनाऱ्यावरचीं माणसें रोज होडी घेऊन खऱ्या अथांग पाण्यावर जातात, त्यांनीं भयाशीं कसें वागावें याचें दुसरें उत्तर पिढ्यान्‌पिढ्या राखून ठेवलें आहे. त्यांनीं भयाला वेष दिला, बोली दिली, देवळापुढें नाचविलें आणि पहांटेपूर्वीं त्याचा हिशेब पुरा केला. चित्रपटगृहांतलें भय प्रत्येक जण एकटाच घरीं घेऊन जातो. जत्रेंतलें भय सारा गांव मिळून सोसतो. दशावताराकडे केवळ खेड्यांतली करमणूक म्हणून पाहणाऱ्या शहरी रसिकानें निदान एक रात्र ती पेटी लक्षपूर्वक ऐकावी. काळ्या रसालाहि षड्ज असूं शकतो, हें तेथें कानांना कळतें.