बोधचिन्हांच्या गोष्टी (७) : कुत्र्याच्या भूशिरावरची लाट

या आठवड्यात तोहो या जपानी चित्रपट कंपनीच्या बोधचिन्हातल्या सूर्यकिरणांची पाळी होती. ती आता पुढच्या खेपेला. मागच्या लेखात तोएई या दुसऱ्या जपानी चित्रपट कंपनीच्या बोधचिन्हातल्या लाटेचा ओझरता उल्लेख आला आणि एका वाचकांनी लगेच विचारलं, ती लाट खरी, की स्टुडिओतल्या हौदात उडवलेलं पाणी?

खरी. नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल इतकी खरी.

तोक्योच्या पूर्वेला चिबा प्रांताचं टोक प्रशांत महासागरात घुसतं, तिथे चोशी हे मासेमारीचं बंदर आहे आणि त्याच्या कडेला इनुबोसाकी हे भूशिर. नावातच कुत्र्याचं भुंकणं आहे. दंतकथा सांगते, की योशित्सुने या योद्ध्याने मागे सोडलेला त्याचा लाडका कुत्रा इथे सात दिवस, सात रात्री धन्यासाठी ओरडत राहिला. ब्रंटन या ब्रिटिश अभियंत्याचं दीपगृह १८७४पासून या भूशिरावर उभं आहे. त्याच्या ९९ पायऱ्या चढून खाली पाहिलं, की सिनेमाच्या सुरुवातीला दिसणारा तोच समुद्र.

पडद्यावर हे सगळं काही सेकंदांत उरकतं. काळे खडक, त्यांवर फुटणारी लाट आणि तुषारांतून पुढे येणारा त्रिकोण. त्रिकोणच का? १९५१मध्ये तोयोको एइगा, ओइझुमी एइगा आणि तोक्यो एइगा हाइक्यू या तीन कंपन्या एकत्र येऊन तोएई झाली, म्हणून. वारशात मिळालं ते मुख्यतः कर्ज. अध्यक्षपदी आलेले हिरोशी ओकावा रेल्वे कंपनीतले, हिशेबात मुरलेले. १९५४पासून तोएईने एका तिकिटात स्वतःचेच दोन चित्रपट दाखवायला सुरुवात केली. त्यात तलवारबाजीचे भरपूर.

लाटेला खरी ऐसपैस जागा मिळाली ती रुंद पडद्यावर. जपानचा पहिला सिनेमास्कोप पद्धतीचा चित्रपट, १९५७चा ‘ओतोरी-जो नो हानायोमे’, तोएईचाच. चौकोनी पडद्यावर ही लाट उसळते, रुंद पडद्यावर ती अंगावर येते.

तिचा सर्वांत जबरदस्त परिणाम मात्र १९७३मध्ये साधला. किंजी फुकासाकू यांच्या ‘जिंगी नाकी तताकाई’त त्रिकोण विरतो आणि समोर येतो अणुबॉम्बचा छत्रीसारखा ढग. पुढची गोष्ट युद्धानंतरच्या कुरे शहरातल्या टोळ्यांची, हिरोशिमापासून जवळच. एरवी लाट पाहून शिट्टी मारायला सरसावलेल्या प्रेक्षकाला इथे ओठ मिटावे लागतात. बोधचिन्हाचं काम तिथे संपत नाही, ते चित्रपटाच्या पहिल्या दृश्यात मिसळून जातं. तोएईच्या इतर शेकडो चित्रपटांत लाट येते आणि निघून जाते, इथे ती लक्षात राहते.

तर तोहोची किरणं पुढच्या आठवड्यात. मात्र तोएईच्याच अ‍ॅनिमेशन कंपनीच्या चिन्हात १९६९च्या एका चित्रपटातलं पेरो नावाचं बूट घातलेलं मांजर आहे. त्याच्याबद्दल कुणी विचारलं नाही, तरच.