दान करा, पण पिन टाकायच्या आधी नाव वाचा

खारबाव स्टेशनवर गाडीची वाट बघत हा भाग ऐकत असाल, तर जरा व्हॉट्सॲप उघडा. एखाद्या ग्रुपवर असेलच: आयसीयूतल्या बाळाचा फोटो, ‘प्लीज फॉरवर्ड’ आणि खाली क्यूआर कोड. खरं की खोटं, कसं ओळखायचं?

आधी एक घडलेली गोष्ट. 28 मार्च 2020 ला पीएम केअर्स फंड जाहीर झाला. त्याचा यूपीआय आयडी होता ‘पीएमकेअर्स@एसबीआय’. लगेच कुणीतरी ‘पीएमकेअर@एसबीआय’ काढला. शेवटचा ‘एस’ गाळला, बस्स! दिल्ली पोलिसांच्या लक्षात आलं आणि तो बंद झाला.

हे इतकं सोपं का? कारण क्यूआर कोड म्हणजे नुसता मजकूर: यूपीआय आयडी, एक नाव, कधी रक्कम. तो कुणीही फुकटात बनवतो. शेजारी संस्थेचा लोगो चिकटवला की झालं काम. म्हणून पोस्टरवर जाऊ नका. स्कॅन केल्यावर, पिन टाकायच्या आधी, ॲप खातेदाराचं नाव दाखवतं, ते वाचा. पोस्टरवर ट्रस्ट आणि ॲपमध्ये भलत्याच माणसाचं नाव? तिथेच थांबा.

संस्था असेल तर नोंदणी क्रमांक मागा. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक ट्रस्टची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असते, ती ऑनलाइन शोधता येते. आणि पावती घ्याच.

पेशंटचं प्रकरण जरा अवघड. खऱ्या नातेवाइकांचं खातंही वैयक्तिकच असतं ना! शिवाय भामटे खरा फोटो उचलतात आणि फक्त क्यूआर बदलतात. म्हणजे पैसे आपले जातात आणि उपचार त्या बाळाचे अडतात. अशा वेळी मेसेजमधला नंबर नको. हॉस्पिटलचा नंबर स्वतः शोधा, बिलिंगला विचारा, जमलं तर पेशंटच्या बिलातच पैसे भरा.

कुटुंब ओळखीचं असेल तर हेही सांगा: राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. कधीकधी ही माहितीच मोठं दान ठरते.

पैसे गेलेच तर लाजू नका. लगेच 1930 वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

आणि हो, फसवणुकीच्या भीतीने हात आखडू नका. दोन मिनिटं तपासा आणि मग बिनधास्त द्या. भेटू पुढच्या भागात!