सुरत पडद्यावर उभारायची तर

‘सिटीज: स्कायलाइन्स २’ (२०२३) या शहर रचण्याच्या संगणक-खेळात घरं, दुकानं, कारखान्यांची मागणी रंगीत पट्ट्यांवर कळते, खोलातला हिशेब मात्र तोकडा. ‘इन्फोलूम’ हा मोफत मॉड (खेळाला जोडायची भर) तो उघडतो: शिक्षणाच्या पाच पातळ्यांनुसार कामगार किती, नोकऱ्या किती, बेरोजगार किती. सुरतेसारखं शहर रचणाऱ्याला हा तक्ता हवाच. सुरतेतल्या उधना, लिंबायत, पांडेसरा इथले यंत्रमाग खानदेश आणि ओडिशातून आलेल्या हातांवर चालतात. खेळात कारखाने पाडून नुसती कार्यालयं उभारली, तर कमी शिकलेल्यांची बेकारी आकड्यांत लगेच दिसते. साड्यांना टिकल्या, लेस लावणाऱ्या बायकांचं घरबसल्या काम मात्र कुठल्याच रकान्यात येत नाही, आणि ही उणीव मोठी आहे. मॉड टाकण्याआधी आपल्या शहराची प्रत जपून ठेवा. खेळ अद्ययावत झाला की जुने मॉड बंद पडू शकतात.